स्लाइडवाल्या मॅडम

तास सुरू झाला की मॅडम आधी इंटरनेटची वायर उपटायच्या आणि गुंडाळून आपल्या पर्समध्ये टाकायच्या. देवपुरातल्या आमच्या शाळेत संगणकाची खोली एकच, त्यात धड चालणारे संगणक मोजके, आणि त्यात ही वायर गायब. "मॅडम, मग फोटो कुठून आणायचे?" म्हणून आम्ही नववीची पोरं गळा काढायचो. "इंटरनेट कधी तुझ्या शिवारात गेलं होतं का? तू रोज जातेस. मग तूच काढ फोटो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. अख्खी शाळा त्यांना स्लाइडवाल्या मॅडम म्हणायची. नेमणूक कंत्राटी होती, दर जूनला नव्यानं व्हायची.

आम्हाला नाद अक्षरं नाचवायचा. शीर्षक गिरक्या घेत यायचं, चित्रं डावीकडून धावत यायची. मॅडम कपाळाला हात लावायच्या. "अगं, वाचू दे की लोकांना! अक्षरांना काय विंचू चावलाय?" एका स्लाइडवर एकच वाक्य, बाकीचं पडद्याकडं पाठ करून तोंडानं सांगायचं, हा त्यांचा कायदा. पाठ केलेलं बोलायला लागलं की त्या मध्येच एखादा आडवा प्रश्न टाकायच्या आणि आपली त्रेधा उडायची. तेव्हा राग यायचा. पण पुढं नोकरीच्या मुलाखतीत मी अडखळले नाही, ते त्यांच्यामुळंच.

आमच्या गटाचा प्रकल्प होता 'आमच्या शिवारातली कापूस वेचणी'. माझी माय वेचणीला जायची, म्हणून तिनंच सांगायचं असं मॅडमनी ठरवलं. एका रविवारी तिचा आवाज रेकॉर्ड करायला स्कूटीवरून त्या थेट आमच्या गावी, बांधावर येऊन बसल्या. माय लाजून पदर तोंडाला लावून म्हणाली, "मना आवाज कसाले? तुमीच बोला ना, तुमले चांगलं बोलता येस." मॅडम म्हणाल्या, "अक्का, माझे हात कधी बोंडानं फाटलेत का? मी काय सांगू?" मग माय बोलली, दवात वेचलेला ओला कापूस कसा खराब होतो ते. "दव पडेल ऱ्हास तवलोंग कापूस येचो नही. वला कापूस घरमा तापस, पिवया पडस." बोलता बोलता ती पदर विसरली. तो आवाज, तिच्या हातांचे फोटो, सगळं आम्ही स्लाइडमध्ये घातलं.

स्पर्धा जळगावला होती. माय मजुरी बुडवून, ठेवणीतलं लुगडं नेसून आली. बसमध्ये शेजारणीला सांगत होती की आज माझा आवाज मोठ्या भोंग्यातून येणार. आम्हाला मंचावर बोलावलं, स्लाइड सुरू झाल्या, आणि पडद्यावर आलं भलंमोठं हिरवं यंत्र, परदेशातल्या कुठल्याशा शेतात कापूस ओढणारं. वर शीर्षक तेच, 'आमच्या शिवारातली कापूस वेचणी'. आणि आवाज एका गुळगुळीत बाईचा, संगणकातला. आमच्या मुख्याध्यापकांनी आदल्या दिवशी कोणाकडून तरी 'सुधारणा' करून घेतल्या होत्या. "ही गावठी बोली स्पर्धेत शोभत नाही," हे त्यांनी आम्हाला नंतर ऐकवलं. मायनं शेवटच्या रांगेतून सगळं नीट ऐकून घेतलं. मग शेजारी बसलेल्या मॅडमना विचारलं, "ही बाई कोन शे?"

मॅडम उठल्या. भरल्या सभागृहात परीक्षकांना म्हणाल्या, "हे मुलांचं काम नाही. मुलांचं काम माझ्याकडं आहे, पाच मिनिटं द्या, लावते." परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मुख्याध्यापकांचा चेहरा लाल झाला. पाच मिनिटं कोणी दिली नाहीत, आणि आमचा प्रकल्प बाद झाला. शाळेचं नाक कापलं म्हणे! जूनमध्ये मॅडमची नेमणूक झाली नाही. त्यांच्या जागी आलेल्या सरांनी पहिल्याच दिवशी नवी वायर जोडली. पोरं खूश, पालक खूश. मला मात्र आजही मुख्याध्यापकांची आणि त्या परीक्षकांची चीड येते, ती कमी व्हावी असं वाटतही नाही.

मी आता जळगावात नोकरी करते. गेल्या महिन्यात झेरॉक्स काढायला एका दुकानात गेले. काचेवर लिहिलं होतं, 'शालेय प्रकल्प व स्लाइड तयार करून मिळतील'. आत संगणकापुढं मॅडम. केस पिकलेले, चष्मा नवा. त्यांनी मला ओळखलं, हसल्याही. "शाळेनं ठेवलं नाही, दुकानानं ठेवलं," म्हणाल्या, आणि समोरच्या बाईकडं वळल्या.

बाई घाईत होती. "विषय पाणी वाचवा. उद्याच द्यायचंय."

"मुलगा कुठाय? त्याला काय सांगायचंय?" मॅडमनी विचारलं.

"त्याचं कसलं सांगणं हो! तो क्लासला गेलाय. तुम्हीच टाका काहीतरी चांगलं."

मॅडमनी खुर्ची संगणकाकडं वळवली. मग इंटरनेट उघडून त्यांनी फोटो ओढायला सुरुवात केली, भराभर, सवयीच्या हातानं. नदी, नळ, हसणारी मुलं. माझ्या झेरॉक्स कधीच झाल्या होत्या, पण पाय निघेना. 

"शेवटी त्याचं नाव मोठ्या अक्षरात टाका हं," बाई म्हणाली. "खाली लिहा, स्वतः तयार केले."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं नाही. "नाव काय त्याचं?" त्यांनी विचारलं, आणि टाइप करायला लागल्या.