शांतवनच्या कोटातली बॅटरी

नोकरीच्या सतराव्या वर्षी माझं पोस्टिंग उत्तरेतल्या एका उंच बर्फाळ पोस्टवर झालं. अकरा जवान. मराठी दोघंच. मी हवालदार, गाव डोंगरकडा. दुसरा शांतवन, हुद्द्याने नायक, वसमत तालुक्यातल्या हट्ट्याचा, ख्रिस्ती कुटुंबातला, रेडिओ ऑपरेटर. मला सगळे 'सेठ' म्हणत, कारण मी प्रत्येक गोष्टीचा सौदा करायचो. मोजे देऊन काजू, काजू देऊन ड्यूटीची अदलाबदल. आज हळदीचा व्यापार करतो तोही त्याच जिभेवर.

मोबाइल खाली जमा असायचे. शांतवनकडे एक छोटा ऑडिओ प्लेअर होता आणि त्यात त्याच्या आईचा आवाज. बाई शाळेत शिक्षिका होत्या. प्रार्थनेला येणाऱ्या ज्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्या बायबलमधले अध्याय आणि जुन्या ख्रिस्ती साधूंचं लिखाण वाचून रेकॉर्ड करायच्या. मी धर्मासाठी ऐकत नव्हतो. घरच्यासारखी मराठी कानावर पडावी म्हणून ऐकायचो.

पण एका गोष्टीने डोकं फिरवलं. येशूने सांगितलेली. मळ्याचा मालक सकाळपासून राबलेल्यालाही आणि संध्याकाळी तासभर आलेल्यालाही सारखीच मजुरी देतो.

"हा कुठला मालक रे? सकाळच्यानं काय घोडं मारलं?"

"सेठ, ठरल्यापेक्षा कमी दिलं का त्याला?"

"न्हाई. पण हे बराबर न्हाई."

"तुमच्यासारखाच एक साधू भांडलाय यावर. पुढं आईनं वाचलंय. ऐका निवांत."

मला निवांतपणा कुठला? दुसऱ्या दिवशी सकाळी शांतवन एका शिपायाबरोबर लिंक पेट्रोलवर, म्हणजे शेजारच्या पोस्टपर्यंतच्या गस्तीवर, निघाला. साडेसहा वाजले होते.

"प्लेअर आज मला दे."

"तीन दिवस बर्फ वितळवायचं काम तुमचं."

"दोन."

"तीन. आईचा आवाज हाय सेठ, स्वस्तात न्हाई जायचा."

"घे तीन. लुटारू हायेस."

थंडीत बॅटरी मरते. म्हणून वायरलेस सेटची स्पेअर बॅटरी कापडी पिशवीत घालून कोटाच्या आत, छातीशी ठेवायची आमची पद्धत. शांतवन प्लेअरही त्याच पिशवीत ठेवायचा. बाहेर शिपाई घाई करत होता. शांतवनने गळ्यातली पिशवीच काढून माझ्या हातात दिली. इअरफोन माझा माझ्याकडे होता. त्याचा त्याच्या गळ्यातच राहिला.

पेट्रोल निघताना सेटवरच्या माणसाने सामान विचारून यादीवर खूण करायची असते. त्या दिवशी सेटवर मी होतो.

"स्पेअर?"

"है."

तो सवयीने बोलला, मी सवयीने खूण केली.

अकरा वाजून पाच मिनिटांनी वरच्या पोस्टने कळवलं की उतारावर बर्फाला तडा जातोय. मी लगेच सेटवर शांतवनला हाक दिली. तो फोर, मी वन.

"फोर, वन कॉलिंग. उतार हिल रहा है. वापस मुडो. ओव्हर."

उत्तर नाही.

"फोर, वन. सुनाई दे रहा है? ओव्हर."

सहा वेळा बोललो. प्लेअर बंद करायला कोटात हात घातला आणि बोटांना बॅटरी लागली.

अकरा वीसला बर्फ खाली आला. शिपाई चाळीस पावलं पुढे होता, तो वाचला. शांतवन दोन तासांनी सापडला.

चौकशीत शिपायाने पाहिलं ते सांगितलं. शांतवन थांबला होता, कोटात हात घालून काही शोधत होता, गळ्यात वायर होती. मी सांगितलं, प्लेअर माझ्याकडे होता. साहेबांनी विचारलं, "मग तो कोटात काय शोधत होता?"

मी म्हणालो, "पता नहीं, सर."

मी दोस्ताला वाचवायला बोलतोय असंच धरलं गेलं. निष्कर्ष आला: ऑडिओ ऐकण्यात गुंतल्याने संदेश ऐकला नाही, निष्काळजीपणा. मी संतापलो. सहा वर्षं अर्ज लिहिले, वायर बघून माणसाचा निकाल लावला म्हणून भांडलो. तो राग आजही आहे. पण एकाही अर्जात बॅटरीचं नाव लिहिलं नाही.

गेल्या हंगामात हट्ट्याचा एक शेतकरी हळद घेऊन आला. बोलता बोलता म्हणाला, "शांतवनच्या आईनं वाचणं सोडलं. म्हणतात, माझ्या आवाजानं माझं लेकरू नेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी हट्ट्याला पोचलो.

"बसा ना, हवालदार. चहा टाकते."

"बसत न्हाई, बाई. आधी ऐका."

उभ्यानेच सगळं सांगितलं. पिशवी, तीन दिवसांचा सौदा, यादीवरची खूण. बाईंनी पदर घट्ट धरला होता.

"म्हणजे त्याच्या कानात मी नव्हते?"

"न्हाई. तुमी माझ्या कानात होता."

"आन हे सहा वर्षं काहून पोटात ठेवलं?"

बाजारात माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं. "भ्यालो," एवढंच म्हणालो.

मी प्लेअर पुढे केला. त्यांनी हातात घेतला नाही.

"मला सांगून भागत न्हाई. ज्यांनी त्याला निष्काळजी लिहिलं त्यांना लिहा. इथंच बसा."

त्यांनी रेघांचा कागद दिला. मी लिहिलं, बॅटरीच्या बाबतीत चूक झाली. बाईंनी वाचलं आणि कागद परत सरकवला.

"चूक झाली म्हंजे? आपोआप झाली? कुणाची ते लिहा."

मी दुसऱ्या कागदावर माझं नाव, हुद्दा आणि नंबर लिहिला. स्पेअर बॅटरी माझ्या कोटात होती आणि यादी मी न तपासता भरली, हे लिहिलं. बाईंनी तो तीनदा वाचला. मग म्हणाल्या, "आता चहा घ्या." माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही मागितलं नाही.

कागद रजिस्टर्ड पोस्टाने गेला. उत्तर आलेलं नाही. दर महिन्याला स्मरणपत्र पाठवतो.

त्या उतारावर आमचा एक जवान गेला. नायक शांतवन, वय एकोणतीस. वापस फिरण्याचा आदेश त्याला मिळाला नाही, कारण त्याचा सेट बंद पडला होता. तो ड्यूटीवर होता. सेट पुन्हा चालू करण्यासाठी तो जे शोधत होता, ते माझ्याकडे होतं.