कानातली ओळ

योसेफकाकांना गीतांच्या पुस्तकातलं अक्षर दिसत नसे. मार्थाकाकू त्यांच्या डावीकडे उभ्या राहून प्रत्येक ओळ आधी कानात सांगायच्या आणि मग काका अशा थाटात गायचे, जणू गीत त्यांनीच रचलंय! चर्चच्या मागच्या बाकावर आम्ही खुशाल हसायचो.

काकू गेल्या. दफनानंतरच्या रविवारी काका उपासनेला आले. गीत सुरू झालं. काका नुसतेच उभे राहिले, ओठ अर्धवट उघडे. कान अजून वाट पाहत होता. मग त्यांनी काठी उचलली.

"निघालात कुठं?" साराबाईंनी विचारलं. साराबाई म्हणजे आमच्या मंडळीचा तोफखाना. त्यांच्याशी भांडण झालं नाही असं घर नाही.

"आता इथं येऊन करू काय, बाई?"

"उभे राहा गुमान!" त्या काकांच्या शेजारी गेल्या आणि कानात ओळ सांगू लागल्या. त्यांची कुजबुज थेट वेदीपर्यंत ऐकू गेली. पेटी धिमी झाली. प्रत्येक ओळीआधी सगळी मंडळी थांबू लागली.

देव एकेकाची काळजी वाहतो, असं पाळकसाहेब सांगतात. एवढ्या गर्दीत त्याला ते जमतं कसं, याचं मला नवल वाटायचं. तो बहुधा कुणाला तरी शेजारी नेऊन उभं करत असावा.

"आवाज तिचा नाही," काका पुटपुटले.

"नाहीच. माझा फाटका आहे. म्हणा पुढं."

काका रडत रडत गायले. साराबाई त्यांच्या उजवीकडे उभ्या होत्या. डावीकडे एका माणसापुरती जागा मोकळी होती. तिथं उभं राहायला साराबाईसुद्धा धजावल्या नव्हत्या.