एकट्याची भाषा

आमच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही भाषाप्रभू म्हणतो. तोंडावर नाही. पंप कधी चालू करायचे, कधी बंद, हे कॉम्प्युटरला सांगायला जगात ढीगभर चांगल्या भाषा असताना यांनी स्वतःची वेगळीच काढली. नुसत्या खुणांची. ती येणारा माणूस पृथ्वीतलावर एकच, आणि त्याचा माज इतका की विचारू नका.

माणसांची भाषा त्यांच्या मते मुळातच नासकी. "वायरमन 'येतोच' म्हणतो आणि आठवडाभर उगवत नाही. तू 'बघते' म्हणतेस, म्हणजे करणार नाहीस. माझ्या भाषेत खोटं बोलताच येत नाही." हे पालुपद शेजारच्या टेबलावर बसून ऐकता ऐकता माझे कान किटले. घरीसुद्धा वहिनींशी हो-नाहीच्या पुढे बोलणं नाही. वहिनी म्हणायच्या, मी पंप असते तर माझ्याशी जास्त बोलले असते.

गंमत अशी, की या सोवळ्या भाषेचंही पुढे सगळ्या भाषांचं होतं तेच झालं. तीन नंबरचा पंप मधेच दम खायचा, त्याच्यासाठी एक अपवाद आला. टाकीची झडप अडकायची, तिच्यासाठी दुसरा. मग अपवादाला अपवाद. लग्नघरात पाहुणे वाढावेत तशा खुणा वाढल्या. नियम कसले, सवयीनं कळणारी घरगुती बोली झाली ती, फक्त घरात माणूस एकटाच. कुणी शिकायला गेलं तर म्हणायचे, तुझ्याच्यानं नाही व्हायचं. शिकवली असती तर यांना विचारलं कुणी असतं? सगळी किंमत त्या कुलपाची होती, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

परवा त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. नेमके दुसऱ्या दिवशी सकाळी पंप बंद पडले. अर्ध्या गावाचे नळ कोरडे, साहेब माझ्या डोक्यावर उभे. मी फोन लावला, वहिनींनी तो त्यांच्या कानाला धरला. मी कॉम्प्युटरसमोर बसले.

आणि मग कळलं की त्या खुणांना नावंच नाहीत. कुणाशी बोलायचंच नव्हतं, तर नावं द्यायची कुणासाठी?

"ती वाकडी खूण दाब," म्हणाले. पडद्यावर वाकड्या चार होत्या. कोणती, विचारलं. मग चाचरत म्हणाले, "कपाच्या कानासारखी." दाबली, काही झालं नाही. "मग ती... वाकून केर काढणारी म्हातारी असते ना, तशी."

ज्या भाषेला जन्मभर नाकं मुरडली, तिच्याच दारात येऊन उभे राहिले होते. मला हसू आवरेना, आणि मी ते फारसं आवरलंही नाही.

म्हातारी दाबली. पंप ढिम्म. शेवटी साहेबांनी वैतागून खाली पंपघरात माणूस पाठवला. त्यानं कॉम्प्युटरला बाजूला ठेवून जुने हातखटके ओढले आणि पंप धडधडायला लागले. साहेब मला म्हणाले, हे खूळ पुसून टाका, आता चार लोकांना येतं ते बाजारातलं तयार बसवू.

साहेब गेले. फोन चालूच होता. साहेबांचं बोलणं तिकडे पोचलं नसावं, पंपांचा आवाज मात्र पोचला होता.

"म्हातारीनं केलं ना?"

इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. खरं सांगायला जीभ नुसती शिवशिवत होती. इतक्या वर्षांचं उट्टं निघालं असतं, आणि निघायलाच हवं होतं.

"हो," मी म्हणाले. "तिनंच केलं."

"वाटलंच मला," ते म्हणाले. "ती खोटं बोलत नाही."