बटणावरचा हार

भक्तीतही माणूस चुकतो, हे मानायला मला फार जड गेलं. मी मोरयाचा भक्त. रोज सकाळी चिंचवडला दर्शन घेतल्याशिवाय कामावर जात नाही. आमच्याकडे ड्रायव्हरशिवाय धावणाऱ्या मेट्रोचं बांधकाम चालू आहे, तिथल्या एका अर्धवट फलाटावर सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे आहे. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा मी हौसेने केली. गाडी तातडीने थांबवायच्या लाल बटणालाही कुंकू लावलं आणि झेंडूचा असा जाड हार घातला, की बटण दिसेना. मला त्याचा अभिमानच वाटला.

फलाटाच्या कडेचे सरकते दरवाजे बसवणारे सलीमभाई ते बघून थांबले. "भाऊ, हार जरा सरकवा. वेळ आली तर हात थेट बटणावर पडला पाहिजे."

मला राग आला. माझ्या पूजेत यांनी का बोलावं? "नारळ फोडून झालाय. आता हात लावायचा नाही," मी तुटकपणे म्हणालो. त्यांनी वाद घातला नाही. बूट काढले, हार दोन्ही हातांनी उचलला आणि शेजारच्या गणपतीच्या तसबिरीला घातला. त्यांनी बूट काढलेले बघून मी अडवलं नाही, पण मनात धुसफूस राहिलीच.

तासाभराने चाचणीची रिकामी गाडी आली. भोंगा वाजला, सगळे मागे सरले. केबल ओढणारे पुनावळ्याचे दत्तूमामा मात्र आदल्याच दिवशी आमच्याकडे कामाला लागलेले. खाली पडलेला पाना घ्यायला ते रुळांवर उतरले आणि समोरून येणाऱ्या गाडीला, एसटीला करतात तसा, निवांत हात केला. मी धावलो आणि बटणावर तळवा मारला. गाडी मामांपासून दोन हातांवर थांबली.

"म्या हात केला की! ड्रायव्हर झोपला व्हता का?" मामा ओरडले.

"मामा, ड्रायव्हर न्हाईच हिला," वरून कोणीतरी म्हणालं. तसे ते रुळांवरच मटकन बसले.

मी सलीमभाईंचे हात धरले. मला रडू आवरेना. ते संकोचले. "माझं काय, भाऊ? ज्याचा हार त्याला घातला."

त्या दिवशी मोरयाच त्यांच्या मुखातून बोलला का, मला सांगता येणार नाही. मी तसं मानतो आणि त्याचे उपकार मानतो. देवावर भार टाकायचा तो आपलं काम चोख करून, एवढं मात्र शिकलो. आता रोज फलाटावर आलो की आधी बटण मोकळं आहे ना बघतो, मग हात जोडतो.