रांगेची बांधी आणि माझी सोयरीक

माझ्या काकाचं जन्मात कुणाशी वाकडं आलं नाही, कारण स्वतःचं असं मतच त्याच्याजवळ नव्हतं. वेगळा विदर्भ मागणाऱ्याच्या ओट्यावर तो वेगळ्या विदर्भाचा. संयुक्त महाराष्ट्रवाल्यानं चहा पाजला की संयुक्त महाराष्ट्राचा. गोंदियाच्या धान-व्यापाऱ्यासमोर तर त्याचं मत थेट हिंदीतूनच बाहेर पडायचं. कामठ्याकडच्या आमच्या गावात त्याला समजदार माणूस म्हणत, आणि कुणाची सोयरीक असली की मध्यस्थ म्हणून त्यालाच बोलावत.

माझे बाबा त्याचे सख्खे भाऊ, पण देवानं दोघांच्या वाट्याची मतं एकट्या बाबांनाच दिली होती. तो काळ राज्यं मोडण्या-जोडण्याचा, पण आमच्या घरी वाद होता तो रोवणीचा, म्हणजे धानाच्या लावणीचा. शेतकी खात्याचा एक साहेब येऊन जपानी पद्धत सांगून गेला होता. धानाचे परहे, म्हणजे रोपं, वाटेल तिथं न खोचता बांधीत, त्या बांध घातलेल्या खाचरात, दोरी ताणायची आणि रांगेत, वीतभर जागा सोडून लावायचे. गावानं साहेबाचं ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि पहिल्यासारखीच रोवणी केली. बाबांनी मात्र रस्त्यालगतची मोठी बांधी दोरीनं रोवली; रोवणाऱ्या बायांत मीही होते. "मधात एवढी जागा कायले सोडली? बैलगाडी न्यायची हाये का?" असं येणारा-जाणारा विचारायचा. बाबा त्या प्रत्येकाशी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून भांडायचे.

त्याच दिवसांत माझं जमत आलं होतं. मुलगा बोदलकशाकडचा. मी त्याला मामेबहिणीच्या लग्नात पाहिलं होतं आणि मला तो फार आवडला होता, म्हणजे मला जे काही वाटत होतं त्याला दुसरा शब्द नाही. आधीची एक चांगली सोयरीक बाबांच्या तोंडापायी मोडली होती. हीही मोडली तर मी काय करणार होते, देव जाणे.

आमच्याकडे मुलाचा बाप आधी घर पाहत नाही, बांध्या पाहतो. हे गृहस्थ तर जपानी रोवणीला चारचौघांत शिव्या घालण्यासाठी प्रसिद्ध होते. मायनं बाबांना बजावलं, "पोरीचं लगन ठरून राहिलं. पाव्हणा जाईपर्यंत तोंडात सुपारी ठेवा, बाकी काही नोका काढू." बाबा माझ्याकडे पाहून कबूल झाले. काका म्हणाला, "तुम्ही फिकर नोका करू, मी पाहतो." आदल्या दिवशी बाबा सामान आणायला गोंदियाला गेले ते अंधार पडल्यावरच परतले. तेवढ्यात काकानं बाया बोलावल्या, उरलेले परहे मधल्या मोकळ्या जागांत खोचले आणि बांधीतल्या सगळ्या रांगा बुजवून टाकल्या. घरात कुणाला पत्ता नाही.

पाव्हणे, म्हणजे मुलाचे वडील, आले. चहाच्या पहिल्या घोटालाच जपानी रोवणीवर घसरले. बाबा सुपारी चघळत बसले. माझा बाप गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि खरं सांगते, मला ते बघवत नव्हतं. मग पाव्हणे उठले. "चला, दाखवा तुमची ते बांधी. पोरीलेही घ्या, चालते कशी ते पाहू." मी पाण्याचा लोटा घेऊन मागून नीट चालत गेले.

धुऱ्यावर उभं राहून पाव्हण्यांनी डोळ्यांवर हात धरला. "कुठी हाये जपान?"

काका पुढे झाला. "अजी, आमच्या भावालेही तुमच्यासारखंच वाटलं. म्हणून बुजवलं."

बाबांनी बांधीकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं आणि सुपारी थुंकली. नव्या धोतरासकट ते चिखलात उतरले आणि मधले परहे उपटायला लागले. "हे माहं काम नोहे. मी रांगेत रोवलं होतं आणि रांगेतच ठेवणार. तुम्हाले पटत नसन तर माहं तुमच्याशी वैर नाही. पण बांधी माही हाये."

झालं. माझी सोयरीक चिखलात गेली.

पाव्हणे धुऱ्यावर बसले. "मूर्ख आहा तुम्ही. मोकळी जागा सोडता, तिथं गवत होते." "होते. निंदतो." मग जे सुरू झालं ते ऊन डोक्यावर येईपर्यंत. बाबा उपटत होते, पाव्हणे बसल्या जागेवरून त्यांची अक्कल काढत होते, आणि दोघंही एकमेकांचं शेवटपर्यंत ऐकून घेत होते. काकानं मधेच "दोघांचंही बरोबर हाये" म्हणून पाहिलं, तर दोघांनीही त्याला घरी जायला सांगितलं. शेवटी पाव्हण्यांनी व्याही पसंत केला. म्हणाले, "असा इवाई मले चालते. शिव्या देते, पण तोंडावर."

माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ते माझ्याकडे वळले. "तू सांग पोरी, कोनाचं खरं?"

मान खाली घालायची वेळ होती. पण त्या रोवणीनं माझी पाठ अजून ठणकत होती. "रांगच बरी," मी म्हटलं. "पण दोरी धरनारे धुऱ्यावर उभे राहून बिड्या पितात, अन् दोरी सरकेपर्यंत आम्ही वाकून राहतो. ते तुम्ही दोघंही नाही बोलले."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सकाळपासून ज्यांचं एका गोष्टीवर जमलं नव्हतं, त्यांचं तिथल्या तिथं एकमत झालं की पोरगी जास्त बोलते. त्याच एकमताच्या आनंदात साक्षगंधाचा दिवसही ठरला.

सासरी पहिल्या रोवणीला मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, सगळ्या बायांसमोर माझं मत विचारलं, शेवटपर्यंत ऐकलं आणि आपल्याच पद्धतीनं रोवणी सुरू केली. आपण सुनेच्या मताला मान देतो, हे त्यांनी गावभर सांगितलं. नवरा म्हणाला, मला यात घेऊ नका. मग मीही मामाजींना तेवढाच मान दिला. त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तळ्याकडच्या बांधीत दोन खुंट्या ठोकून दोरी बांधली, म्हणजे ती सरकवणं आम्हा बायांच्या हाती राहिलं. ते धुऱ्यावर उभे राहून शिव्या देत राहिले. ओळ संपली तशी मी पाठ सरळ केली आणि म्हटलं, "मामाजी, तुमचं चालू द्या, आम्ही ऐकून राहिलो."