जांभळाचं पीप

माझ्या बायकोच्या मामांइतका चिकाटीचा, आणि त्या चिकाटीने दुसऱ्याला दमवणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. मी तेव्हा आखाडा बाळापूरला शाळेवर होतो. दिवसभर पोरांवर ओरडून घसा बसलेला, डोकं भणभणलेलं, आणि अशा वेळी दारात मामांच्या सायकलची घंटी वाजली की मी कपाळाला हात लावायचो. "जावईबापू, चला. पीप उघडून राहिलो," एवढंच ते म्हणत. नाही म्हणायची सोय नव्हती. एक तर सासरचा माणूस, त्यात पलटणीतून आलेला.

मामा लढाईच्या काळात समुद्रापार गेले होते. परतताना विलायतेतल्या कुठल्याशा खेड्यात त्यांनी लाकडी पिपातून काढलेली, फळ घातलेली काळी बियर प्यायली होती. मामी वारल्यानंतर एकटेपणात ती बियर त्यांना आठवू लागली आणि ती परसात करायचीच, असं त्यांच्या मनाने घेतलं. एका रंगवाल्याकडून पीप आणलं आणि रंगाचा वास जाईपर्यंत कढत पाण्याने धूत राहिले. विलायती धान्य कुठून आणणार? म्हणून ज्वारीला मोड आणायचे, वाळवायचे आणि तव्यावर काळीठिक्कर भाजायचे. त्या वासाने शेजारीण दर वेळी भाकरी करपली म्हणून चुलीकडे धावायची. मग गूळ, कडूपणासाठी काडेचिराईत, आंबवायला शिंदीचा गाळ, आणि भरपूर जांभळं. ती काढायला मामा स्वतः झाडावर चढत आणि धोतर जांभळं करून उतरत. नवं धोतर नेसून गेले की शेजारीपाजारी आधीच हळहळत.

चाखण्याचीही शिस्त होती. पेला हातात आला की ताठ बसायचं, एकदम गिळायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. "जिभेवर फिरू द्या. हां, आता सांगा." मी थकलेल्या आवाजात "बरी आहे" म्हणालो की त्यांच्या कपाळाला आठी पडे. "बरी म्हंजे काय? बरी तब्येत असते. चव सांगा." एका वर्षी ती भिजलेल्या गोणपाटासारखी लागली, एका वर्षी शाईसारखी. मी तसं सांगितलंही. मामा राग न धरता मान हलवत आणि सगळं पीप उकिरड्यावर ओतून देत.

"पण कशी लागायला पाहिजे, ते तरी सांगा," मी एकदा वैतागून म्हणालो.

"न्हाई सांगणार. सांगितलं का तुमी मला खूश कराया तेच म्हणाल."

एकदा कुणीतरी चुगली केली आणि ठाण्यावरून जमादार आले. दारूबंदीचे दिवस. मी तिथंच होतो, हातात पेला. मामांनी सलाम ठोकला, खुर्ची दिली आणि पेला पुढे केला. जमादारांनी घोट घेतला, तो तसाच बाहेर थुंकला आणि पाणी मागितलं. "याला दारू कोन म्हनंल? काढा हाय हा. खोकल्याला ठेवा." ते चपला घालून निघाले, तरी मामा फाटकापर्यंत त्यांच्या मागे. "पर साहेब, काढा म्हंजे कसा? कडू का तुरट?"

त्या संध्याकाळी मी घरी येऊन कुरकुरलो. "माझाच जीव काहून खातात? स्वतः काहून चाखत न्हाईत तुझे मामा?"

भाकरी थापता थापता बायकोचा हात थांबला. "तुमाला ठाव न्हाई? मामी गेली त्या साली मामाला मोठा ताप आला व्हता. तवापासून त्यायला चवच कळत न्हाई. मीठ न्हाई, मिरची न्हाई, काहीच न्हाई."

आमच्याकडचं अळणी वरण पोटभर जेवून "फक्कड झालं" म्हणणारे मामा डोळ्यांपुढे आले.

पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा घंटी वाजली. शाळेत तपासणी झालेली, पाय ओढवत नव्हते. तरी गेलो. मामांनी तोटी फिरवली. काळीभोर धार, वर तांबूस फेस. मी घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि सावध होऊन बसलो.

"मामा, आधी करपल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं लागतंय. कडू आहे, पण वाईट नाही. मग जरा आंबट. आणि थांबा... गिळल्यावर मागून जांभूळ येऊन राहिलं. जीभ जड झाली."

मामा ओट्यावर बसले. डोळे मिटले. त्यांचा कंठ हलला, जणू घोट त्यांनीच गिळला होता.

"बराबर," ते हळूच म्हणाले. "त्यांचं फळ निराळं व्हतं. पर बराबर."

मग त्यांनी पहिल्यांदाच स्वतःसाठी एक पेला भरला आणि खुर्ची माझ्यासमोर ओढली. उजेड उतरत चालला होता. मी घोट घेतला की तेही घेत आणि माझ्या तोंडाकडे बघत राहत.

"पुन्हा सांगा, जावईबापू," ते म्हणाले. "सावकाश सांगा."