सशावरची फुंकर

बूढापारा मोहल्ल्यातल्या अरुंद गल्लीत त्याचं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. तो इतका हळू बोलतो की आपल्यालाच काउंटरवर वाकावं लागतं. बोलण्याआधी "हव" म्हणतो, नाही म्हणायचं असलं तरी.

आमच्या सशाच्या छातीवरचे केस जायला लागल्यापासून मी तिसऱ्यांदा त्याच्याकडे गेले होते. तो आधी हात लावत नाही. केसांवर फुंकर मारतो आणि खालची कातडी बघत राहतो.

"हव, किडा नाही. कोंडाबी नाही. स्वतःच उपटून राहिला."

"आमचे हे म्हणतात, गाभण असेल. पिल्लांसाठी केस उपटते म्हणे."

त्याने सशाला अलगद उचलून खालून बघितलं. "हव दीदी, हा तर नर आहे." मग सशाकडेच बघत विचारलं, "घरी कोनी जोरात बोलते का?"

"नाही," मी लगेच म्हणाले. फारच लगेच.

तेवढ्यात दुकानासमोर एक मोटरसायकल फटफटत येऊन थांबली. ससा त्याच्या हातात दगडासारखा थिजला. माझा हात ओढणीवर गेला आणि मी श्वास रोखून दाराकडे बघत राहिले. कोणी दुसराच माणूस उतरून समोरच्या घरात गेला.

दुकानदाराने सशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ससा टोपलीत ठेवला. मी औषधाची वाट बघत होते. पहिल्यांदाच तो काउंटरवरून माझ्याकडे वाकला.

"हव, याच्यावर माझ्याकडं दवा नाही," तो म्हणाला. "तुमचं माहेर कुठं आहे, दीदी?"